एक मूठ बटणं

माझा दादा गेली अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी टॉवेल फेकतो. फेकतो म्हणजे हातातून सोडत नाही. टॉवेलाचं एक टोक पहिल्या दोन बोटांत धरतो, गुडघा छातीपर्यंत उचलतो, लांब पाऊल टाकतो आणि हात असा फिरवतो की दुसरं टोक समोरच्या खुर्चीच्या पाठीवर फाडकन बसतं. मग खुर्ची बोटभर मागे सरकवतो आणि पुन्हा तेच. नवख्या माणसाला वाटतं, याचं त्या खुर्चीशी काहीतरी जुनं वैर असावं.

दादा बेसबॉलचा पिचर होता. मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभं राहून साठ फुटांवरच्या बॅटवाल्याकडे चेंडू फेकतो तो पिचर. आणि बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून, मोठा ग्लोव्ह घालून तो चेंडू झेलतो तो कॅचर. संघात दादाचा कॅचर एक दांडगा गडी होता, पण घरामागच्या बोळात सकाळच्या सरावाला कॅचर मी. वयाच्या आठव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत. माझ्या वयाच्या मुली तेव्हा दोरीवरच्या उड्या मारत होत्या आणि मी हातावरचे काळेनिळे डाग मोजत होते. ते डाग मी मिरवायचेही.

आता दादा सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि गोदामांच्या गल्लीतल्या वाफेच्या लाँड्रीत मुकादम आहे. तिथे दिवसभर दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल येतात, उकळतात, पिळले जातात, वाळतात आणि घडी होऊन परत जातात. आत इतकी वाफ असते की चष्मेवाल्याने तिथे नोकरी धरूच नये. मागच्या बाजूला सिमेंटचं अंगण आहे आणि तिथून वाळवणीच्या माळ्यावर जायला चौदा लोखंडी पायऱ्या. पाच वाजले की या अंगणात दादाचे शिष्य जमतात. कोणी शाळेतले, कोणी कॉलेजातले, एक तर दाढी पिकायला लागलेला. सगळ्यांची तक्रार एकच, की इथे पिचिंग शिकायला या आणि तीन महिने चेंडूचं तोंड बघू नका.

पहिलं काम पायऱ्या. ओल्या चादरींचं बोचकं खांद्यावर घेऊन वर जायचं, रिकाम्या हाताने खाली यायचं. लाँड्रीचा मालक खूश, त्याला फुकटचे हमाल मिळाले. मग एका पायावर उभं राहायचं, दुसरा गुडघा पोटाशी, आणि दादा उशांच्या दहा खोळींच्या घड्या घालेपर्यंत डुगडुगायचं नाही. दादाची लहर फिरली तर तो मध्येच खोळीला इस्त्रीही करतो. मग वाळूचा गोळा. तीन किलोचा, चामड्याचा, मीच शिवलेला. तो कमरेच्या झटक्याने भिंतीवर आपटायचा, हातांनी नुसता धरायचा.

"हात म्हणजे घरातला नोकर," दादा प्रत्येकाला सांगतो. "खरं काम पायांनी आणि कमरेनं करायचं. नोकरावर सगळं घर टाकलंत तर तो एक दिवस न सांगता निघून जातो."

आणि मग तांदळाची बादली. मनगटापर्यंत हात तांदळात खुपसायचा आणि आतल्या आत मूठ उघडायची, मिटायची, वळवायची. दोन मिनिटं. ऐकायला सोपं वाटतं, पण दीड मिनिटात चांगले चांगले गडी आईची आठवण काढतात. बोटं आणि कोपराखालचा भाग यानेच घट्ट होतो. वहिनीने पहिल्यांदा ती बादली पाहिली तेव्हा तिने बजावलं होतं, "हा सगळ्यांच्या घामाचा तांदूळ परत स्वयंपाकघरात आणलात तर मी माहेरी निघून जाईन." दादा म्हणाला, "तुझं माहेर म्हणजे पलीकडचा जिना. चप्पल तरी घालून जा."

चेंडू हातात येतो तो त्यानंतर. आधी एक गुडघा जमिनीला टेकून फेकायचं, म्हणजे खांदा काय करतो ते कळतं. मग उभ्याने. मग बोटांची कारागिरी: वेगाचा चेंडू बोटांच्या टोकांवर, हळू चेंडू तळहातात खोल. "हात तोच, झटका तोच, चेहरा तोच," दादा समजावतो. "चेंडू तेवढा उशिरा पोचतो. बॅटवाला बिचारा आधीच बॅट फिरवून मोकळा." हे सगळं तो शिष्याच्या बोटांत चेंडू बसवून शिकवतो. स्वतः मात्र एकदाही फेकून दाखवत नाही, त्याच्या हातात चेंडूऐवजी टॉवेल तो टॉवेलच. कोणी फार आग्रह केला की म्हणतो, "माझे पाय अजून तयार व्हायचेत."

यावर सगळे हसतात. मी हसत नाही. तो विनोद करत नाही हे मला माहीत आहे, आणि तो असं का मानतो हेही मलाच माहीत आहे. जगात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

आमचे बाबा मैदान राखायचे. गवत कापायचं, पांढऱ्या रेघा ओढायच्या, उंचवट्याची माती भिजवून चोपायची. तीस वर्षांत त्यांनी कितीतरी पोरांचे हात वाया गेलेले पाहिले होते. "अति तिथे माती," ते म्हणायचे, आणि मातीतला माणूस असल्यामुळे ते त्यांना शोभायचंही. त्यांनी आम्हा दोघांना एक नियम घालून दिला होता. पिचरने मोजायचं नाही, कॅचरने मोजायचं. पिचर मोजायला लागला की त्याचं लक्ष निशाण्यावरून उठून हातावर बसतं आणि शेवटचे दहा चेंडू तो राखून फेकतो. आई कपडे शिवायची. तिने मला दोन मोठ्या खिशांचा एप्रन शिवून दिला होता आणि बटणांचा एक डबाही. डाव्या खिशात सत्तर बटणं. एक चेंडू झेलला की एक बटण उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की सराव संपला, मग पिचर कितीही रंगात आलेला असो. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र तीसच. त्यावरून दादाने माझं नाव 'बटण' ठेवलं. नाकही तसंच आहे म्हणायचा.

दादा एकोणीस वर्षांचा असताना दूरच्या मोठ्या शहरातल्या संघाचे लोक निवड करायला आमच्या मैदानावर येणार होते. ज्याला निवडतील त्याला ते चार दिवसांत सोबतच घेऊन जाणार. आईने त्याच्यासाठी दोन नवे शर्ट शिवले. बाबा येणाजाणाऱ्याला थांबवून सांगत होते. मीही फार आनंदात आहे असं मी सगळ्यांना सांगत होते.

आदल्या दिवशी सकाळी बाबा मैदानावर रेघा ओढायला गेले होते. जाताना त्यांनी माझ्या डाव्या खिशात स्वतः तीस बटणं मोजून टाकली. बोळात आम्ही दोघंच. त्या सकाळी दादाला काय झालं होतं कोण जाणे, पण तसे चेंडू त्याने त्याआधी कधी फेकले नव्हते. मी ग्लोव्ह जिथे धरीन तिथे चेंडू. ग्लोव्ह हलवायची गरजच नाही. चेंडू ग्लोव्हच्या बरोबर खोबणीत बसला की एक आवाज येतो. जाड लाकडी दार एका झटक्यात नीट लागावं तसा. तो आवाज त्या दिवशी एकामागून एक येत होता आणि बोळाच्या दोन्ही भिंती तो परत देत होत्या.

तिसावं बटण हातात आलं. उद्या निवड. मग हा जाणार. मग या बोळात कोण येणार, आणि मला बटण म्हणून हाक कोण मारणार?

मी उजव्या खिशात हात घातला, मूठ भरली आणि ती डाव्या खिशात रिकामी केली.

"बटण, किती उरली गं?" दादाने तिकडून विचारलं.

मी खिसा वाजवून दाखवला. "आहेत की चिक्कार!"

तो हसला आणि फेकत राहिला. ती मूठ संपल्यावर मी आणखी एक भरली. आईने हाक मारली म्हणून आम्ही थांबलो, नाहीतर मी तिसरीही भरली असती. त्या दोन मुठींत किती बटणं होती ते मला आजही सांगता येत नाही. वीसही असतील, चाळीसही असतील. मोजून भरली असती तर निदान नेमकं किती खोटं बोलले ते तरी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सातव्या बॅटवाल्याला फेकताना दादाचं कोपर गेलं. त्याचा आवाज मला कुंपणापर्यंत ऐकू आला होता. वहिनी म्हणते, असा आवाज ऐकू येत नसतो. ती तिथे नव्हती. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, ते काढलं, कोपर दाबून पाहिलं आणि म्हणाले की हात कामापुरता होईल, खेळापुरता नाही.

बाबा हिशोबी माणूस. त्यांनी विचार केला की आदल्या दिवशी तीसच चेंडू, त्या दिवशीही फार नाहीत, एवढ्याने कोपर जात नाही. म्हणजे दोष कुठेतरी खोल असणार. आठवड्याने ते म्हणाले, "पाय कच्चे राहिले त्याचे. सगळा भार हातावर आला. आधी पाय करून घ्यायला हवे होते मी." दादाने ते ऐकलं आणि खाली आपल्या पायांकडे पाहिलं. ते पाहणं मी दारात उभं राहून पाहिलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आधी भीतीने, मग लाजेने, आणि पुढे नुसत्या सवयीने. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेली राहिली खरी, पण आतून भाजत राहिली.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? मला जे हवं होतं तेच झालं. दादा कुठेच गेला नाही. तो प्लास्टर निघाल्यावर महिन्याभरात लाँड्रीत लागला, पहिल्याच दिवशी चादरींचं बोचकं उचलून त्या चौदा पायऱ्या चढला, आणि तेव्हापासून रोज चढतोय. घरापासून गोदामांच्या गल्लीपर्यंत दहा मिनिटांची वाट. तो इतका जवळ होता, आणि मला मात्र रोज त्याची आठवण यायची. तो समोर बसून चहा पीत असतानाही यायची.

माझं चामड्याच्या शिवणकामाचं दुकान आहे. बॅगा, पट्टे, बूट, आणि हंगामात ग्लोव्ह. कोणाचा ग्लोव्ह दुरुस्तीला आला की वाद्या बदलते, तेल चोळते आणि शेवटी खोबणीत मूठ मारून पाहते. गिऱ्हाइकाला वाटतं मी शिवण तपासतेय. मी तो आवाज शोधत असते. मुठीने तो येत नाही. त्याला साठ फुटांवरून आलेला चेंडूच लागतो, आणि मला तर एकाच माणसाच्या हातचा हवा होता. माझा स्वतःचा कॅचरचा ग्लोव्ह फडताळात वर ठेवलेला आहे. दरवर्षी खाली काढते, तेल देते, परत ठेवते. कशासाठी, असं वहिनी विचारते. चामडं तडकतं, असं मी सांगते.

मागच्या वर्षी दादाकडे एक टपालवाली शिकायला आली. बावीस वर्षांची, डावखुरी, हसली की वरची हिरडी दिसते. तीन वर्षं लिफ्ट नसलेल्या इमारतींत पत्रं वाटत होती. दादाने नेहमीप्रमाणे बोचकं देऊन पायऱ्या दाखवल्या, तर ही बाई दोन बोचकी घेऊन शीळ वाजवत वर. दादा खालून बघतच राहिला. "हिचे पाय टपालखात्याने घडवलेत," तो मला दुकानात येऊन सांगायला लागला. "अगं, अशी मांडी मी बापजन्मात पाहिली नाही." हे वाक्य वहिनीसमोर बोलू नकोस, असं मी त्याला सांगितलं.

एका पायावर ती दहाच्या जागी तीस खोळी उभी राहायची. तांदळाच्या बादलीत तिचा हात चाळणीसारखा फिरायचा. पण तिचा हळू चेंडू चेहऱ्यावरून ओळखू यायचा, कारण तो फेकताना ती ओठ चावायची. दादाने तो ओठ सोडवायला तिला सात महिने टॉवेल मारायला लावला, समोर आरसा ठेवून. ओठ सुटला. आणि मग मोठ्या शहरातल्या महिला संघाची निवडचाचणी जाहीर झाली. तेविशीच्या पुढे ते घेत नाहीत. टपालवालीला ही पहिली संधी होती आणि शेवटचीही.

निवडीच्या पाच दिवस आधी तिच्या कॅचरचा अंगठा सुजला. दादा दुकानात आला.

"बटण, उद्यापासून संध्याकाळी ये. ग्लोव्ह घेऊन."

"वेडाबिडा झालास का? माझे गुडघे बघ."

"गुडघे मी बघतो. तू चेंडू बघ."

मी गेले. तोंडावर जाळी बांधली, देवाचं नाव घेत उकिडवी बसले, आणि टपालवालीचा पहिलाच चेंडू ग्लोव्हच्या खोबणीत बसला. दार लागल्याचा आवाज. अठ्ठावीस वर्षांनी. मला रडू फुटलं. जाळी होती म्हणून निभावलं. दादा बाजूला उभा होता, आणि त्याचा उजवा हात नकळत मांडीशी हलत होता, दोन बोटं पुढे काढून. त्यालाही तेच हवं होतं जे मला हवं होतं. आम्ही दोघंही दुसऱ्याच्या ताटातलं बघत होतो.

शेवटचा दिवस आला. निवडीचा आदला दिवस, म्हणजे तीस. दादाने आईचा तोच डबा आणला होता. त्यातून तीस बटणं मोजून माझ्या एप्रनच्या डाव्या खिशात टाकली, अगदी बाबांसारखी. टपालवाली फेकायला लागली. ती तशी रोजच चांगली फेकायची, पण त्या दिवशी तिला ते झालं जे दादाला त्या सकाळी झालं होतं. ग्लोव्ह हलवायची गरजच नाही. लाँड्रीतले लोक काम टाकून दारात येऊन उभे राहिले. वाळवणीचा ड्रम आत रिकामाच फिरत होता.

तिसावं बटण उजव्या खिशात गेलं.

"ताई, किती उरली?" टपालवालीने विचारलं.

माझा हात आपोआप उजव्या खिशात शिरला. बटणं हाताला लागली, मूठ वळली. खोटं कशाला सांगू, पुन्हा तोच मोह. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मग मी मूठ उघडली, रिकामा हात बाहेर काढला आणि म्हटलं, "संपली."

"आणखी दहा, ताई! आत्ता कुठे हात मोकळा झालाय."

ती दादाकडे वळली. मला वाटलं, आता हा हिला झाडणार. आजवर त्याने कोणालाही एक चेंडू वर फेकू दिला नव्हता. पण तोही त्या आवाजाने भारला होता. त्याचे डोळे एकोणीस वर्षांच्या मुलाचे झाले होते.

"दे तिला दहा," तो म्हणाला. "वीस दे. पाय पक्के आहेत तिचे. माझे कच्चे होते, म्हणून तिसात माझं कोपर गेलं. हिला शंभरनेही काही होत नाही."

इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या खोट्याने एकाच माणसाचं वाटोळं केलं आणि ते आता होऊन गेलं. ते खोटं तिथे अंगणात जिवंत उभं होतं आणि दुसऱ्या कोपराकडे बघत होतं. मी जाळी काढली.

"दादा, तुझे पाय पक्के होते."

"काय?"

"आदल्या दिवशी तीसच नव्हते झाले. बटणं संपली होती. मी ती परत डाव्या खिशात टाकली. दोनदा. मूठ भरभरून."

तो माझ्याकडे बघत राहिला. "का?"

"तू जाणार होतास म्हणून."

टपालवालीला अर्धंच कळलं होतं, पण तिने चेंडू हळूच बाकावर ठेवला. दादाने खुर्चीवरचा टॉवेल उचलला, त्याची चौपदरी घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. मग तो तिला म्हणाला, "घरी जा. हाताला ऊब दे आणि लवकर झोप. आज एकही चेंडू जास्त नाही." आणि तो त्या चौदा पायऱ्या चढून वर गेला. खांद्यावर बोचकं नव्हतं, तरी कठडा धरून चढला. मी खाली थांबले. तो खाली आला नाही.

टपालवालीची निवड झाली. जायच्या आधी ती दुकानात आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही थांबवलं नसतं तर मी पन्नास तरी फेकले असते." मग थोडं घुटमळून तिने विचारलं, "सर बोलतात का तुमच्याशी?" मी म्हटलं, तू तुझ्या हाताकडे बघ.

सर बोलत नव्हते. एकोणीस दिवस. वहिनी मात्र बोलत होती, आणि ती बोलायला लागली की दोघांचं एकटी बोलते. "लग्न झाल्यापासून बघतेय," ती दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा माणूस दात घासताना एका पायावर उभा राहतो. पाहुण्यांसमोर मध्येच उठून बैठका मारतो. का, तर म्हणे पाय कच्चे आहेत! आणि तू आत्ता सांगतेस?" मी मान खाली घातली. मग तिचा आवाज उतरला. "जेवतो, झोपतो, कामाला जातो. पण पायऱ्या चढत नाही गं. घरी आला की नुसता पायांकडे बघत बसतो."

विसाव्या दिवशी रविवार होता. मी दुपारी एका बॅगेचा पट्टा शिवत होते, तर समोर बटणांचा डबा ठेवला गेला. वर पाहिलं तर दादा.

"मला राग आलाय," तो म्हणाला. "खूप आलाय. जाईल असं वाटत नाही."

"बरोबर आहे तुझं."

"बरोबर आहे म्हणू नकोस. गप्प ऐक." त्याने डब्याचं झाकण बोटाने दाबलं. "बाबा जाताना माझी माफी मागून गेले, माहितेय तुला? तुझे पाय माझ्याकडून करून घ्यायचे राहिले, म्हणाले. आता त्यांना कोण सांगणार?"

मी रडले, आणि त्याने मला रडू दिलं. समजूत घातली नाही. पट्टा तसाच सुईला लटकत राहिला.

शेवटी तो म्हणाला, "अठ्ठावीस वर्षं मी या पायांना शिव्या दिल्या. चांगले होते गं. चांगलेच होते." आणि मग, फडताळाकडे बघत, "ग्लोव्हला तेल दिलंयस का?"

बोळ आमच्या जुन्या घरामागचा तोच. दादा-वहिनी अजून तिथेच राहतात. भिंतींना रंग नवा आहे, बाकी लांबी तेवढीच. मी एप्रन बांधला. दादाने डबा उघडून पुढे केला.

"वीस," तो म्हणाला.

"दहा. अठ्ठावीस वर्षं पडून असलेलं कोपर आहे ते. आणि अर्ध्या अंतरावरून."

"पंधरा."

"दहा. नाहीतर मी चालले."

"बरं. पण मोठ्याने मोज," तो म्हणाला. "मला ऐकू आलं पाहिजे."

पिचरने मोजायचं नाही, हा बाबांचा नियम. त्याने मोजलं नाही. मोजणाऱ्यावर विश्वास ठेवायला त्याला आता कान लागत होते, आणि ते मला मान्य होतं. मी दहा बटणं डाव्या खिशात टाकली, एक एक, आवाज होईल अशी.

वहिनी मागच्या दारात येऊन उभी राहिली. दादाने गुडघा उचलला. काय पाय होते ते! खांबासारखे स्थिर. लांब पाऊल पडलं, कंबर वळली, आणि हात आला, शेवटी आखडलेला. चेंडू माझ्यापासून चार हातांवर पडला आणि घरंगळत ग्लोव्हपाशी आला.

"एक," मी म्हटलं आणि बटण या खिशातून त्या खिशात टाकलं.

दुसरा भिंतीला लागला. तिसरा टप्पा पडून आला. वहिनी म्हणाली, "माझी खिडकी!" कोणी लक्ष दिलं नाही. सहावा पहिल्यांदा सरळ ग्लोव्हमध्ये आला, पण किनाऱ्यावर. "सहा." दादाच्या कपाळावर घाम होता आणि तो हसत होता, आधी लपवून, मग उघड. आठवा खोबणीत बसला. दार लागल्याचा आवाज नाही आला. कडी पडावी एवढा आला. पण तो दादाच्या हातचा होता, मी तो कुठेही ओळखला असता. माझ्या तोंडून आकडा निघेना. दादा थांबला, कानाला हात लावून उभा राहिला.

"आठ," मी म्हटलं.

नऊ. आणि दहावा आठव्यापेक्षाही बरा.

"दहा."

डावा खिसा रिकामा झाला. मी तो उलटा करून त्याला दाखवला. दादा अर्ध्या बोळात उभा होता, हात चेंडूसाठी पुढे केलेला, पाय नीट रोवलेले.

"बटण, अजून एक," तो म्हणाला. "एकच गं."

तो अकरावा चेंडू मला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हवा होता. मी चेंडू एप्रनच्या खिशात टाकला, वरून हात दाबून धरला आणि म्हटलं, "उद्या."